दत्ताचे पेशंट

दत्ताने मला ज्या माणसांची ओळख करून दिली, त्यांतला एकही माणूस कधी जन्माला आलेला नव्हता. नांदूरघाटचे शिवाजीतात्या, माजलगावच्या धरणावर मासे धरणारे हसनभाई, नारायणगडाच्या पायथ्याशी नारळ विकणाऱ्या कलावतीकाकू. या सगळ्यांची दुखणी मला तोंडपाठ आहेत. कुणाच्या छातीत कळ कशी आली, कुणाच्या थुंकीत रक्त कधी दिसलं, कुणाच्या पायाची जखम का भरत नव्हती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माझ्या सख्ख्या मावशीला कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते मात्र मला दर वेळी तिलाच विचारावं लागतं.

हे सगळे प्रश्नपत्रिकेतले पेशंट. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्या मुलांना इथे आल्यावर आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय तुम्ही कुणाला तापाची गोळीसुद्धा लिहून देऊ शकत नाही. या परीक्षेत व्याख्या आणि यादी विचारून भागत नाही. एक अख्खा आजारी माणूस तुमच्या पुढ्यात आणून ठेवतात. बावन्न वर्षांचा पुरुष, छातीत दुखतंय, घाम सुटलाय, तपासणीत असं असं सापडलं. आता तुम्ही पहिल्यांदा काय कराल? खाली चार पर्याय, आणि एका माणसाला साधारण एक मिनिट. मिनिट झालं की त्याला सोडून दुसऱ्याकडे वळायचं.

मी कझाकस्तानातून परत आले तेव्हा अब्बांनी माजलगावात माझ्या चाचांच्या, म्हणजे त्यांच्या भावाच्या, केळीच्या गोदामावरची खोली मला अभ्यासाला मिळवून दिली. अब्बांचा फळांचा गाडा समोरच्याच चौकात. खाली केळी पिकत घातलेली असायची, त्यामुळे वर कायम गोडसर वास. केजचा अमोल, एका मास्तरांचा मुलगा, फिलिपिन्सहून आलेला, माझ्याबरोबर अभ्यास करायचा. त्यानेच एक दिवस दत्ताला वर आणलं. "हे दत्ताभाऊ. किर्गिझस्तानचे. परीक्षेला लई वेळा बसल्यात," असं त्याने सांगितलं. ओळख करून देताना सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मी मनात म्हटलं, जो स्वतः नापास होतोय तो इथे येऊन काय दिवे लावणार.

दत्ता उंच, सावळा, खांद्यात जरासा वाकलेला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आल्या आल्या तो कोपऱ्यातल्या बादलीकडे गेला आणि त्याने हात धुतले. मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. मग रुमालाला हात पुसून लॅपटॉपसमोर बसला.

"कावून हो, जेवायला बसताय का?" मी विचारलं.

"पेशंट बघायचाय ना," तो म्हणाला. थट्टा करतोय का ते बघायला मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

त्याने तोच ओला रुमाल पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर टाकला. चारही पर्याय झाकले गेले. मग इंग्रजी प्रश्न तो मराठीत सांगायला लागला. "हे शिवाजीतात्या. नांदूरघाटचे. वय बावन्न. बांधावर बसले होते, छातीत कळ आली, तोंडाला कोरड पडली. पोरानं मोटारसायकलवर मधी धरून आनलं. रक्तदाब खाली गेलाय. गळ्याची शीर फुगलीय, पन फुप्फुसं साफ हायत. कार्डिओग्राममधी हृदयाच्या खालच्या बाजूला मार दिसतोय. बोला नसरीन, काय करता?"

मला हे सोपं वाटलं. "जिभेखाली गोळी," मी म्हणाले.

दत्ताने माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून आठवतं. "मारलं तुमी तात्याला," तो म्हणाला. मग त्याने नीट समजावून सांगितलं. तात्यांच्या हृदयाची उजवी बाजू निकामी झालीय, त्यांचा रक्तदाब आता निव्वळ अंगातल्या पाण्यावर टिकलाय, गोळी दिली तर तो कोसळेल. आधी सलाइन लावायचं. हे मी पुस्तकात निदान चार ठिकाणी वाचलेलं होतं आणि चारही ठिकाणी विसरले होते. त्या दिवसानंतर कधीच विसरले नाही, कारण मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलेल्या माणसाला मारणं वेगळं आणि बावन्न वर्षांच्या पुरुषाचं उत्तर चुकणं वेगळं.

ही त्याची पद्धत होती. प्रत्येक पेशंटला नाव द्यायचं, गाव द्यायचं, आणि त्याचं ऐकून झाल्याशिवाय पर्यायांवरचा रुमाल उचलायचा नाही. काही पेशंट तर परत परत यायचे. कलावतीकाकू पहिल्यांदा आल्या त्या साखरेचा आजार घेऊन. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पायाला जखम झाली, मग डोळ्यांना दिसेना, मग मूत्रपिंडं खराब झाली.

"एकाच बाईला किती आजार बे?" अमोल एकदा वैतागला. "मरू द्या की आता तिला."

"तुझ्या आजीला एकच आजार हाय का?" दत्ता म्हणाला. अमोलच्या आजीला पाच होते.

पेशंट प्रश्नातच मेलेला असला आणि शवविच्छेदनात काय सापडेल असं विचारलं असलं, की दत्ता उठून खिडकीशी जायचा. उत्तर त्याला माहीत असायचं. तो तिथूनच सांगायचा. पण परत येऊन बसायचा नाही. आम्ही हसायचो. त्याचं हे सगळं नाटक आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं, आणि हळूहळू लक्षात आलं की याच्यात नाटक करण्याइतकी हुशारीच नाही.

अडचण वेळेची होती. अमोल मोबाइलवर घड्याळ लावून बसायचा. "दत्ताभाऊ, मिनिट झालं."

"घाई कुनाला हाय? पेशंटला का तुला?"

"परीक्षेला."

दत्ता मान हलवायचा, कबूल केल्यासारखी. आम्हाला तो स्वतः बजावून सांगायचा, "हॉलमधी माझ्यासारखं करू नका. तिथं पर्याय आधी बघा. दोन कापा, उरलेल्यातला एक मारा अन पुढं व्हा. नाव-गाव घरी." मी विचारायचे, मग तुम्ही का करत नाही तसं? तो म्हणायचा, "ठरवून जातो बघा दर बारीला. पन समोर मानूस दिसला की मला त्याला टाकून जाता येत न्हाई."

मला त्याचा राग यायचा. समोर मी त्याला दत्ताभाऊ म्हणायचे, पण मनातून मला त्याचे खांदे धरून हलवावेसे वाटायचे. कारण दत्ताच्या पास होण्यावर काय टांगलेलं आहे, ते मी एकदा डोळ्यांनी बघून आले होते.

त्याचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. पोराला परदेशात शिकवणं त्यांनी कसं जमवलं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. टोळी परत आली होती तेव्हा अब्बा नांदूरघाटच्या बाजाराला टेम्पो घेऊन चालले होते. दत्ताच्या आईने मला घेऊन यायला सांगितलंय म्हणून मीही गेले. त्याची वस्ती गावाच्या अलीकडेच. वस्तीच्या तोंडाला एक जुना फ्लेक्स अजून बांधलेला होता. दत्ता परतला तेव्हा लावलेला. 'आमच्या वस्तीचे पहिले डॉक्टर' एवढी अक्षरं लागत होती. दत्ताचा चेहरा उन्हाने पार उडून गेला होता, गळ्यातला स्टेथोस्कोप तेवढा ओळखू येत होता.

आईने गूळ, शेंगदाणे आणि पाणी पुढे ठेवलं. ठेंगणी बाई, हाताला कोयत्याचे घट्टे, वयापेक्षा कितीतरी थकलेली, पण बोलायला मोकळी. माझ्या शेजारी बसून तिने माझा हात हातात घेतला.

"तुमचा आला का गं बाई शिक्का दिल्लीहून?"

मला कळेना. मी दत्ताकडे पाहिलं. तो शेंगदाण्याची साल काढत होता.

"न्हाई गं, हिचाबी यायचाय," तो खाली बघूनच म्हणाला.

"आमच्या दत्ताचाबी अडकलाय. डाक्टर तर झालाय, पन दिल्लीवाले शिक्काच धाडंनात. त्यो आला की म्या कोयता ठिवला. मुकादमाला सांगून ठिवलंय, औंदाचा सीझन शेवटचा म्हनून." मुकादमाला ती हे दर वर्षी सांगत होती, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी मला जे कळलं ते पुरेसं होतं. आपला मुलगा नापास होतोय हे तिला माहीतच नव्हतं. एकदा डॉक्टर झालेल्या माणसाला पुन्हा कसली परीक्षा, हे तिला समजावून सांगायला दत्ताने सुरुवात केली असेल आणि अर्ध्यावर सोडून दिलं असेल. मग शिक्का ही गोष्ट सोपी पडली.

आम्ही बसलेले असतानाच शेजारची एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली. दत्ताने त्याला हात लावला नाही. उभ्या उभ्या चार प्रश्न विचारले. ताप कधीपासून, पाणी पितंय का, लघवी होतेय का, मान आखडते का. मग म्हणाला, "आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या. घाबरण्यासारखं न्हाई, पन न्या."

"सुई तर मारा की एक."

"सुई मला..." तो बोलता बोलता थांबला. आई ऐकत होती. "सुईची गरज न्हाई हो," त्याने वाक्य बदललं.

बाई तोंड वाकडं करून निघाली ती वस्तीतल्या सुई टोचणाऱ्या माणसाकडे. तो आधी कुठल्याशा दवाखान्यात झाडू मारायचा, आता सगळ्यांना सलाइन लावायचा. पारावरचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "बर्फातला डाक्टर हाय त्यो. हितल्या उन्हात चालत न्हाई." सगळे हसले. दत्ताही हसला. त्याचं हसणं बघून मला रडू आलं, आणि मला लोकांसमोर रडू आलेलं आवडत नाही, म्हणून मी टेम्पोत जाऊन बसले.

पुढे अमोलने एक निरोप आणला. तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या मालकाला रात्रपाळीला उभं राहायला माणूस हवा होता. पांढरा कोट घालायचा, पेशंट बघायचे, सह्या मालकाच्या. आमच्यातली बरीच मुलं असं करतात. अमोल म्हणाला, "भाऊ, तुमच्याएवढं ज्ञान त्या मालकालाबी न्हाई. आईला घरी बसवा की." मीही तेच म्हणाले, आणि जरा जास्तच जोरात म्हणाले. आई दर वर्षी उन्हात मोळ्या वाहतेय आणि हा इथे सोवळं पाळत बसलाय, असंच मला वाटत होतं.

दत्ता चिडला नाही. तो म्हणाला, "तिथं एखांदी बाई म्हनंल, साहेब, तुमच्यावर भरवसा हाय. मंग मी काय सांगू तिला? पेपरातला पेशंटबी मी खरा धरतो. अन खऱ्या पेशंटम्होरं मीच खोटा हुभा राहू?"

अमोल म्हणाला, "अशानं तुमी उपाशी मरताल." यात खोटं काही नव्हतं. पण तो विषय तिथेच संपला.

त्या पावसाळ्यात एक प्रश्न आला. दत्ताने नेहमीप्रमाणे हात धुतले, रुमाल टाकला आणि वाचायला लागला. एकतीस वर्षांची विवाहित स्त्री. तीन मुलं. अंग एकदम तापतं, घाम येतो, झोप लागत नाही, कंबर दुखते. बऱ्याच महिन्यांपासून पाळी आलेली नाही. पहिली तपासणी कोणती कराल?

यावेळी त्याने नाव दिलं नाही. गावही दिलं नाही.

"गर्भाची चाचणी," मी म्हणाले. पाळी चुकलेल्या तरुण बाईची पहिली तपासणी हीच, हे आमच्याकडून शंभर वेळा घोटून घेतलेलं होतं, आणि घोटून घेणारा दत्ताच होता.

"आधी पोट बघा तिचं," तो म्हणाला. "बेंबीखाली टाक्यांची खूण असंल."

"प्रश्नात कुठंय तसं?" अमोल म्हणाला.

"प्रश्नात न्हाई. बाईच्या अंगावर हाय."

आणि मग जी गोष्ट त्याने कधी सांगितली नव्हती, ती त्याने सांगितली. तो चौथीत होता. टोळीत आईला पाळीच्या दिवसांत उसाच्या फडातून बाजूला बसावं लागायचं. एक खाडा झाला की मुकादम आई-वडील दोघांच्याही मजुरीतून दंड कापायचा. पोटात दुखतंय म्हणून ती दवाखान्यात गेली, आणि तिथे सांगितलं की पिशवी सडलीय, काढून टाका, नाहीतर पुढे मोठा आजार होईल. पिशवी म्हणजे गर्भाशय. तिने ती काढली, सोबत अंडाशयंही गेली, आणि तेव्हापासून तिचं अंग असंच तापायचं. टोळीतल्या आणखी बायकांचीही तशीच काढलेली. सगळ्या तिशीच्या आतल्या. ती परत आली आणि पुढच्याच सीझनला फडात उभी राहिली. "रात्री पदर सोडून वारा घ्यायची," तो म्हणाला. "थंडीत. आमी म्हनायचो आईला वेड लागलंय."

माजलगावात राहून मी या गोष्टी ऐकल्या नव्हत्या असं नाही. आमच्याकडे त्या बायका कोयत्यावरच्या बायका म्हणून ओळखल्या जातात, आणि त्यांच्याबद्दलचं बोलणं तिथेच संपतं. पण त्यातल्याच एकीने माझा हात हातात घेतला होता.

"उत्तर गर्भाची चाचनीच हाय," दत्ता शेवटी म्हणाला आणि रुमाल उचलला. "मला म्हाईत हाय. ज्यानं प्रश्न काढला त्यानं अशी बाई बघितली न्हाई, यात त्याची काय चूक? तुमी तेच लिवा."

हिवाळ्यातल्या परीक्षेला आम्ही तिघंही पुण्याला गेलो. दत्ताचे आई-वडील तेव्हा फडात होते. या परीक्षेत प्रश्नांचा एक एक भाग ठरलेल्या वेळात सोडवायचा असतो. वेळ झाली की तो भाग आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. मी बाहेर आले तेव्हा अमोल फाटकाशी उभा राहून उत्तरं ताडून बघत होता. दत्ता सगळ्यात शेवटी आला. त्याने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"तीच बाई आलती," तो म्हणाला.

मी विचारलं, "मग? गर्भाची चाचणी लिहिलं ना?"

"लिवलं. पन लिवून पुढं जाता येईना. परत परत मागं जाऊन तिच्यापशी थांबलो. तवर भाग बंद झाला. पुढचे लई ऱ्हायले." हे तो अगदी साधेपणाने बोलला. मी चिडून म्हणाले, "तुमी वेडे आहात." तो म्हणाला, "व्हय."

निकाल लागला. अमोल पास झाला, मी पास झाले. दत्ता राहिला. दुसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन माजलगावला आला, आधी अब्बांच्या गाड्यावर गेला आणि त्याने अब्बांच्या तोंडात स्वतःच्या हाताने पेढा भरवला. "तुमची पोरगी डॉक्टर झाली चाचा." अब्बांनी त्याला गळ्याशी धरलं. "सबको पास करा दिया तूने बेटा," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते काय असणार होतं हे आम्हा तिघांनाही कळलं. दत्ता घाईघाईने त्यांना दुसरा पेढा द्यायला लागला.

केळीच्या गोदामावरची खोली मी चाचांना सांगून दत्ताकडेच राहू दिली. नवीन मुलं येत राहिली. कुणी रशियाहून, कुणी आणखी कुठून. दत्ता हात धुऊन, रुमाल टाकून त्यांना शिवाजीतात्या आणि कलावतीकाकू भेटवत राहिला. ती मुलं पास होऊन जात राहिली. मी जिल्ह्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात इंटर्न म्हणून लागले होते. हृदयाच्या उजव्या बाजूला मार बसलेला पहिला खरा पेशंट माझ्या पुढ्यात आला, तेव्हा मी त्याला सलाइन लावायला सांगितलं आणि बाजूला जाऊन दत्ताला फोन केला. तो इतका खूश झाला की जणू त्यानेच तो माणूस वाचवला होता. "पोरगा होता का संगं त्यांच्या?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सून होती. "बरं बरं," तो म्हणाला.

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. दुपारची वेळ होती, अपघात विभागात गर्दी होती. जवळच्याच फडावरून आलेल्या एका पिकअपमधून स्ट्रेचरवर एक बाई आणली. तिच्या दोन्ही पायांच्या मध्ये गोधडीची घडी घालून पाय एकमेकांना नीट बांधलेले होते, आणि ती उसाचं पाचट चिकटलेल्या लुगड्यातच होती. स्ट्रेचरचा पुढचा दांडा धरून दत्ता चालत होता. मला पाहिलं, पण ओळख दाखवायला तो थांबला नाही. आमचे वरिष्ठ डॉक्टर पुढे आले तसं त्याने सांगायला सुरुवात केली.

"वय अठ्ठेचाळीस. सकाळी ट्रकात मोळी भरताना फळीवरनं पडली. उजवा पाय आखूड झालाय, बाहीर वळलाय. खुब्याचं हाड असंल. पायाची नाडी लागतीय. बेशुद्ध झाली न्हाई. शुगर न्हाई, कसली अॅलर्जी न्हाई. पिशवी तरुनपनीच काढलेली हाय, संगं अंडाशयंबी. हाडं तवापासून ठिसूळ असतील. सकाळपासून तोंडात काय घातल्यालं न्हाई."

वरिष्ठांनी मान वर करून पाहिलं. भला माणूस होता तो. "छान सांगितलंत," ते म्हणाले. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

दत्ता काही बोलायच्या आत स्ट्रेचरवरून आई बोलली. वेदनेने तिचे दात आवळलेले होते, तरी तिच्या आवाजात ताठा होता. "व्हय साहेब. माझा लेक डाक्टरच हाय. परदेशातनं शिकून आलाय. त्यालाच करू द्या माझं. त्योच बघंल."

वॉर्डबॉय थांबला. नर्सने दत्ताकडे पाहिलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं, कारण मला ते खरंच वाटत होतं. दत्ताने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग तो वरिष्ठांकडे वळला.

"न्हाई सर. मी डॉक्टर न्हाई." आणि खाली वाकून, आईच्या तोंडाशी तोंड नेऊन, पण आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "आई, शिक्का-बिक्का काय यायचा न्हवता गं. एक परीक्षा हाय. मी तिच्यात दर बारीला नापास होतोय. मी डॉक्टर न्हाई."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही रडेल, आणि रडली असती तर मलाही आवरलं नसतं. पण तिने हात उचलून त्याच्या गालावरची धूळ पुसली.

"इतके दिस एकट्यानंच वागवलंस व्हय रं?" ती म्हणाली. "जा. बाहीर थांब. ह्यांला ह्यांचं काम करू दी."

दत्ताने दांडा सोडला. वॉर्डबॉयने नेहमीच्या सवयीने "नातेवाईक बाहेर थांबा" म्हटलं, आणि दत्ता नातेवाइकांच्या घोळक्यातून दाराबाहेर गेला. मी सलाइन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, एक्स-रेला लिहिलं. ती सगळा वेळ छताकडे बघत होती. माझा हात तिने ओळखला असेल का, मला माहीत नाही.

सहीसाठी मुलाला आत बोलवायला मी दार उघडलं. दत्ता भिंतीशी उभा होता. त्याच्या शेजारच्या एका म्हाताऱ्याने पिशवीतून एक्स-रेची फिल्म काढून त्याच्या पुढे धरली होती. तो काहीतरी विचारत होता. दत्ताने फिल्म हातात घेतली, खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ती नीट पाकिटात सरकवून त्याने परत दिली.

"मला न्हाई कळत बाबा त्यातलं," तो म्हणाला. "त्या बघा मॅडम आल्या. त्यांला दाखवा." आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.